ओढायचं नाही

वरोरा
१४ नोव्हेंबर २०२४

शाजिया,

मायना काय लिहावा यावर बराच वेळ गेला. एकतीस वर्षं मी मुलींना पत्रलेखन शिकवलं. वडिलांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, मैत्रिणीला प्रिय. तीन वर्षं जिच्याशी बोलणं नाही त्या मुलीला काय लिहायचं, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

फोन करत नाही, कारण फोनवर मी कशी बोलते ते तुला माहीत आहे. कागदावर निदान खोडता येतं. मराठीत लिहिण्यालाही कारण आहे. आपली सगळी भांडणं घरच्या हिंदीत झाली. या भाषेत मी तुला अजून काही वाईट बोललेली नाही.

रईसाची लेक निशात गेली, हे तुला कळलंच आहे. शुक्रवारी तिचं दफन झालं आणि शनिवारी तू नागपूरहून बसने येऊन रईसाजवळ दोन तास बसलीस, असं रईसानेच सांगितलं. बसस्टँडवरून तिच्याकडे जायला आपल्या घरावरूनच रस्ता आहे. मी घरी होते. दार उघडं होतं. का आली नाहीस, असं मी विचारत नाही.

बावीस दिवसांची नवरी. डेंग्यूने जावं हे काय वय आहे? लग्नाचा मंडप ज्या दोरांनी बांधला होता ते दोर अजून रईसाच्या गच्चीवर पडलेले आहेत. चंद्रपूरच्या दवाखान्यात मी तिला मंगळवारी भेटले तेव्हा ती हसली होती. बोटाला लावायचा तो ऑक्सिजनचा चिमटा त्यांनी पायाच्या अंगठ्याला लावला होता. नर्स म्हणाली, हाताच्या नखांवर जाड थर आहे, मशीन वाचत नाही. निशात म्हणाली, "मॅडम, तुम्ही आता पट्टी मारणार काय?" पाचवीत मी तिच्या बोटांवर पट्टी मारली होती, नेलपॉलिश लावून आली म्हणून. तिच्या लक्षात होतं.

गुस्ल मी आणि हलीमाबीने दिलं. बावीस वर्षं आम्ही दोघी वरोऱ्यातल्या आपल्या बायकांना ही शेवटची आंघोळ घालतो आहोत. तुला लहानपणी मी शाळेतून थेट तिकडे गेले की राग यायचा. असो. सगळं व्यवस्थित पार पडलं. तू काळजी करू नकोस.

एक किरकोळ गोष्ट विचारायची आहे. ती पावडरची नखं, ज्यात बोट डबीत बुडवतात, ती काढतात कशी? क्रमाने आणि सविस्तर लिही. इथल्या एका बाईला माहिती हवी आहे.

मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायला माणसं आली होती. मुलगी इथेच राहते का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. तुझी चिठ्ठी कपाटात ठेवली आहे. मतदान बुधवारी आहे.

अम्मी


वरोरा
२ डिसेंबर २०२४

शाजिया,

अठरा दिवस झाले. नागपूर इथून दोन तासांवर आहे. एवढ्या अंतरात पोस्टालासुद्धा पत्र हरवायला जमणार नाही. तुझी चिठ्ठी कपाटात तशीच राहिली, मतदानही होऊन गेलं.

तू सांगत नाहीस तर मी स्वतः शिकेन, असं ठरवलं. आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या की या मुलीला प्रश्नाचं उत्तर दिलं नाही तर ती प्रश्नपत्रिकाच फाडेल. त्या रोज सकाळी आम्हाला रांगेत उभं करून नखं बघायच्या. हात पुढे, पंजे उलटे. मीही पुढे एकतीस वर्षं तेच केलं. म्हणजे माझं निम्मं आयुष्य लोकांची नखं बघण्यात गेलं आहे, हे मला परवा चंद्रपूरला जाताना बसमध्ये सुचलं, आणि तू घर सोडलंस तेव्हा मी ते तुला का म्हणाले नाही याचंही नवल वाटलं.

वरोऱ्यातल्या पार्लरमध्ये गेले असते तर संध्याकाळच्या मगरिबच्या अजानीआधी मोहल्ल्याला कळलं असतं. म्हणून चंद्रपूर. जटपुरा गेटच्या आत एका गल्लीत, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या वर, एका खोलीचं दुकान. भिंतीला गुलाबी कागद, छतापर्यंत आरसा, आणि त्या आरशात सहासष्ट वर्षांची एक बाई सुती साडीत उभी. मला क्षणभर वाटलं ती दुसरीच कुणी आहे आणि चुकून आत आली आहे.

दुकान चालवणारी मुलगी दिव्यानी. आरमोरीची, घरी धानाची शेती. वय पंचवीसच्या आत.

"या आंटी. हाताचे का पायाचे?"

"आंटी मी कुणाचीही नाही. पावडरची नखं कशी काढतात ते मला बघायचं आहे."

तिने माझे दोन्ही हात धरून उलटेपालटे केले. "पण तुमच्या नखाइले तं काईच नाई. काढू काय मी?"

मुद्दा बरोबर होता. मी म्हणाले, "मग आधी लाव."

"अन् मंग?"

"मग काढ."

"लगेच?"

"लगेच."

तिने माझे हात सोडले. "लोकं महिनाभर टिकावं म्हणून लावतेत. तुमी काऊन असं करून राह्यल्या?"

"मी शिक्षिका होते. करून बघितल्याशिवाय मला कळत नाही."

हे तिला पटलं असावं. तिने रंगांच्या डब्या पुढे मांडल्या. कोणता, विचारलं. मी मरून म्हणाले.

"वा, चांगला गडद. लग्न हाये का घरी?"

"होतं," मी म्हणाले.

तू हे रोज करतेस म्हणून तुला सांगण्यात अर्थ नाही, तरी सांगते, कारण मला ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसताना मी त्याबद्दल खूप बोलले होते. आधी तिने नखांच्या मुळाशी असलेली कातडी लाकडी काडीने मागे सारली. मग कानशीने नख खरबरीत केलं. मग गोंदासारखं काही ब्रशने लावलं आणि बोट तिरपं धरून पावडरच्या डबीत बुडवलं. वर काढलं, जास्तीची पावडर मऊ ब्रशने झाडली. पुन्हा गोंद, पुन्हा डबी. असं तीनदा. मग पाण्यासारखं काही लावलं की सगळं दगडासारखं घट्ट. दहा बोटं.

सुईत दोरा ओवताना आपण सुई धरतो, तसं दिव्यानी एकेक बोट धरते. श्वास आवरून. तिच्या स्वतःच्या हातांना काहीही लावलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "रोवणीले गावी जातो ना मी. चिखलात टिकत नाई. माया आईचे नखं पाहाल तं सांगता येत नाई तिले नखं हायेत का नाई. तिचे एकदा करून दिले व्हते दिवाळीले. दिवसभर भाकर केली नाई तिनं, नुसती हात पाहून राह्यली."

एक तास दहा मिनिटं माझे हात दुसऱ्या कुणाच्या हातात होते. तुझे अब्बा गेल्यापासून माझा हात कुणी धरलेला नाही. डॉक्टर नाडी बघतात ते मी धरत नाही. मला तिथे बसून काय वाटलं ते मी लिहिणार नाही. फक्त एवढं, की तू घर सोडलंस त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी म्हणाले होते, "लोकांची नखं घासायला बी.एस्सी. केलं का?" त्या खुर्चीत ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. माझाच आवाज होता. फार बरा वाटला नाही.

"आता काढ," मी म्हणाले.

ती कपाटाकडे गेली, खालच्या फळीवरून एक मोठी बाटली काढली, हलवली. रिकामी. "अरे बापा. ॲसिटोन सरला, आंटी. नागपूरहून शनिवारी येते."

"म्हणजे?"

"म्हणजे आज निघत नाई. शनिवारी या. पण घरी नका करू बरं काई. ब्लेड नाई, पक्कड नाई. वढायचं तं बिलकुल नाई. खालचं नख संगंच येते."

"ते मला माहीत आहे," मी म्हणाले.

तिने विचारलं, कसं माहीत. मी छत्री उचलली. पाऊस नव्हता, छत्रीही माझी नव्हती, ती दाराशी कुणाची तरी ठेवलेली होती. ती परत ठेवून मी जिना उतरले.

तर आता मी इथे दहा मरून नखं घेऊन बसले आहे. वुजू होत नाही. दिव्यानीलाही मी समजावलं होतं की नमाजीआधी आम्ही हात धुतो तेव्हा पाणी नखाला लागावं लागतं, मेंदीवरून लागतं, या थरावरून लागत नाही. ती म्हणाली, "मंग तुमी लावलं काऊन?" आज पाचवा दिवस, माझी नमाज नाही. इतके दिवस सलग माझी नमाज कधी चुकलेली नाही. शनिवारी पुन्हा चंद्रपूरला गेले तर शटरवर कागद. दिव्यानी धानाच्या कामाला गावी, आठ दिवस बंद. बांगडीवाल्याकडून नेलपॉलिश काढायची लहान गुलाबी बाटली आणली. तिने रंगाला ओरखडाही आला नाही, फक्त घरभर गुलाबाचा वास झाला.

हात पदराखाली ठेवून फिरते. हलीमाबीच्या डोळ्यांना मात्र मोतीबिंदू झाला तरी काही चुकत नाही. म्हणाली, "मॅडम, नवरा पाहून राह्यल्या काय?" मी तिला एका विशिष्ट ठिकाणी जायला सांगितलं. ती हसली नाही. माझ्या हातांकडे बघत बसली आणि म्हणाली, "तोच रंग हाये ना हा?"

शाजिया, मला उत्तर हवं आहे. चार ओळी चालतील.

अम्मी


वरोरा
८ डिसेंबर २०२४

शाजिया,

मागच्या दोन पत्रांत मी एक गोष्ट लपवली. पहिल्या पत्रात तर सरळ खोटं लिहिलं. तुझ्या लक्षात आलं असेल. तू लहानपणी मी तपासलेले पेपर पुन्हा तपासायचीस.

परवा अजीम कूलरवाल्याची अम्मा गेली. नव्वदीची बाई, शांतपणे गेली. निरोप आला तशी मी निघाले. हलीमाबी दारातच उभी होती. तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी बाहेर बसा, मॅडम. पानी गरम करून द्या." बावीस वर्षांत मला कुणी बाहेर बसवलेलं नाही. मी वाद घालणार होते. मग माझाच हात मला दिसला.

मी अंगणात तीन विटांवर पातेलं ठेवलं, बोरीचा पाला टाकला आणि आतून आवाज यायची वाट बघत बसले. बाहेर बसणाऱ्या माणसाला आत काय चाललंय ते दिसत नाही. पाणी ओतल्याचा आवाज तेवढा येतो. आणि मग आधीचं सगळं ऐकू येऊ लागतं.

आमच्या कामाचा एक नियम तुला ठाऊक आहे. गुस्लाच्या तख्त्यावर जे दिसतं ते उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. अंगावर डाग असो, व्रण असो, काहीही. बावीस वर्षांत मी तुझ्या अब्बांनाही कधी सांगितलं नाही. आज सांगते, कारण यात निशातचं काही उणं नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं.

त्या दिवशी आम्ही निशातला चादरीखाली घेतलं. उजव्या बाजूपासून सुरुवात केली. हात धुताना हलीमाबी थांबली. "मॅडम, पानी लागत नाई नखाले." तिच्या दहाही नखांवर तो मरून थर होता. चमकत होता, जसा लग्नात चमकत होता. रॉकेल लावून बघितलं. ब्लेडने कडेने खरवडलं. थोडा भुगा निघाला, थर तसाच.

रईसा दारात उभी होती. आईला आत यायचं नव्हतं आणि बाहेरही जायचं नव्हतं. ती म्हणाली, "शाजियानं लावले व्हते. लग्नाच्या आठ दिवस आधी निशात नागपूरले गेली व्हती तिच्याकडे. दोस्तीतले, म्हणे. शाजियाले फोन लावा ना, मॅडम. तिले येते काढता."

खोलीत पाच बायका होत्या. पाचही जणींनी माझ्याकडे बघितलं. फोन माझ्या पर्समध्ये, पर्स खिडकीत. चार पावलं.

मी म्हणाले, "फोनची गरज नाही."

पक्कड मीच मागितली. अजीमच्या दुकानातून आली. मी कडेला पकड घेतली आणि ओढलं. अंगठ्याचा थर तुटून निघाला. मला वाटलं, जमतंय. आणखी दोन बोटं झाली. हलीमाबी निशातचा पंजा खालून धरून होती. चौथ्या बोटाला, अंगठीच्या, थर जास्त घट्ट होता. त्यावर तू तीन पांढरे ठिपके काढले होतेस. मेंदी काढताना तू शेवटी काढतेस तसे. ते मला दिसले. दिसल्यावर मी थांबायला हवं होतं. मी जोर वाढवला.

नख मुळापासून आलं.

रक्त आलं नाही. त्या वेळी येत नाही. फक्त खालचा मऊ भाग उघडा पडला आणि त्यावर पाणी साचलं. हलीमाबीने माझं मनगट धरलं. म्हणाली, "दुखते तिले, मॅडम." आम्हाला शिकवलं आहे की मय्यतीला जिवंत माणसासारखं हलक्या हाताने धरायचं, पाणीसुद्धा आधी आपल्या हातावर घेऊन बघायचं. मीच ते नव्या बायकांना शिकवते.

ते नख मी कापसात गुंडाळून कफनात तिच्या हाताशी ठेवलं. बाकीची सहा तशीच राहू दिली. चार दिवसांनी इमामसाहेबांना मी मसला विचारला, नुसता धर्माचा नियम, काय झालं ते सांगितलं नाही. ते म्हणाले, निघत असेल तर काढायचं, इजा होत असेल तर तसंच राहू द्यायचं. म्हणजे मी काही केलं नसतं तरी चाललं असतं. आणि तुला फोन केला असता तर सगळं नीट निघालं असतं. या दोन रस्त्यांच्या मधला, जो कुणी सांगितलाच नव्हता, तो मी शोधून काढला.

मी निशातची नखं काढत नव्हते, शाजिया. तुझं काम खरवडत होते.

म्हणून मी चंद्रपूरला गेले. तोच रंग मागितला. मला फक्त बघायचं होतं की ते तिला न दुखवता कसं निघालं असतं. तेवढंही बघायला मिळालं नाही. काल संध्याकाळी माझ्याच अंगठीच्या बोटाचा थर मी दातांनी उचलून बघितला. थोडासाच. डोळ्यांत पाणी आलं इतकं दुखलं, आणि मी तिथेच सोडून दिला.

रईसाला किती दिसलं, मला माहीत नाही. ती समोर आली की मी रस्ता बदलते.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. तुला माहीत असावं एवढंच होतं.

अम्मी


वरोरा
२२ डिसेंबर २०२४

शाजिया बेटा,

पार्सल बुधवारी मिळालं. पोस्टमनने हलवून बघितलं आणि विचारलं, औषध आहे काय. मी हो म्हणाले.

मोठी बाटली, कापूस, चांदीचा कागद, दोन कानशी, लाकडी काड्या. आणि वहीच्या पानावर आठ ओळी. मायना नाही, खाली नाव नाही. मी पोरींचे त्यासाठी दोन-दोन गुण कापले आहेत. तुझे कापले नाहीत. अक्षर बघत बसले. तुझा 'ढ' अजून चुकीचा आहे.

क्रमाने केलं. वरची चमक कानशीने घालवली. कापूस भिजवून नखावर ठेवला, वर कागद गुंडाळला. उजव्या हाताची पाच बोटं चांदीची झाली. पंधरा मिनिटं, तू लिहिलं होतंस तशी. घड्याळासमोर बसले. त्या पंधरा मिनिटांत काहीही करता येत नाही, हात वापरताच येत नाहीत. नुसतं बसावं लागतं. कागद काढला तर थर पिठासारखा मऊ झालेला. काडीने सारला, सरकला. अंगठ्याचा, दुसऱ्याचा, मधल्याचा. अंगठीच्या बोटाचा सरकला नाही. तुझी सातवी ओळ पुन्हा वाचली. "निघत नसेल तर परत गुंडाळून पाच मिनिटं थांबायचं. ओढायचं नाही." शेवटच्या दोन शब्दांखाली तू दोनदा रेघ मारली आहेस. पेन कागदातून पार गेलं आहे. मी परत गुंडाळलं आणि थांबले. मग तेही निघालं.

एका हाताला चाळीस मिनिटं. निशातसाठी तेवढा वेळ होता. दफन दुपारच्या अस्रच्या नमाजीनंतर होतं, तिला अजून दोन तास होते.

पार्सलमध्ये एक लहान बाटलीही होती, बदामाच्या तेलाची. आठ ओळींत तिचा कुठेही उल्लेख नाही. नखं कागदासारखी पातळ झाली होती, पाणी लागलं तरी झोंबत होती. मी विचार केला की ही कशाला असेल. मग लावलं.

वुजू केलं. बोटांच्या टोकांपर्यंत पाणी लागलं ते मला वेगळं कळलं. वीस दिवसांची नमाज राहिली आहे. ती हळूहळू फेडते आहे.

मग मी रईसाकडे गेले. बसायला सांगितलं तरी उभीच राहिले. मुलींना मी नेहमी सांगत आले की चूक कबूल करायची तर उभं राहून. सगळं सांगितलं, पक्कड, चौथं बोट, ठिपके. ती गहू निवडत होती. निवडत राहिली. मग म्हणाली, "मले दिसलं व्हतं, मॅडम. मी दारातच व्हतो ना. म्हटलं, तुमीच सांगान कधी तरी."

"तू मला काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमी बी शाजियाले काई बोलत नाई. मी तं पाहूनच राह्यलो तुमाले तीन वर्सं." तिने सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "माफ मी करन का नाई, मले माहीत नाई. निशातचा हात व्हता तो. पण तुमी येत जा. रस्ता नका बदलवू."

मी खाली बसले आणि तिच्यासमोरच्या सुपातले गहू निवडू लागले. उठताना ती म्हणाली, "शाजिया आली तं मायाकडेच जेवाले पाठवा." मी म्हणाले, ती आली तर. रईसा म्हणाली, "पाठवा म्हणून सांगून राह्यलो ना मी."

काल मशिदीच्या मागच्या खोलीत मी पाच बायकांना बसवलं, हलीमाबीसह. तुझ्या आठ ओळी फळ्यावर लिहिल्या. हलीमाबीला वाचता येत नाही, म्हणून तिच्या बोटावर करून दाखवलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा नखांना काही लावून घेतलं, पुसण्यासाठी का असेना. आठ दिवस म्हणून गेलेली दिव्यानी गुरुवारी कुठे आरमोरीहून परत आली होती, तिला मी चंद्रपूरहून बोलावून घेतलं. मशिदीच्या आवारात यायला ती आधी बिचकली, मग चपला हातात घेऊन आली. मी म्हणाले, चपला दाराशी ठेव, इथे कुणी नेत नाही. तिने हलीमाबीचं एक बोट मरून केलं आणि माझ्याकडून काढवून घेतलं. मी कागद सोडला तेव्हा म्हणाली, "आंटी, तुमचा हात चांगला हाये." आंटी म्हणाली म्हणून मी काही बोलले नाही.

मशिदीत गुस्लाची एक पेटी असते. कापूर, कापूस, कात्री, हातमोजे. तुला आठवते, हिरव्या रंगाची. अशीच एक पेटी मी तीन वर्षांपूर्वी उंबऱ्याबाहेर ठेवली होती, तुझी, तुझ्या डब्या आणि कानशींची. ती पावसात भिजत होती आणि तू ती उचलून गेलीस. मी खिडकीतून बघत होते. हे तुला माहीत नसावं.

आता हिरव्या पेटीत तुझी बाटली ठेवली आहे. चांदीचा कागद, काड्याही. झाकणाच्या आतल्या बाजूला तुझं ते वहीचं पान चिकटवलं आहे. तुझ्याच अक्षरातलं. नक्कल केली नाही. खाली मोठ्या अक्षरांत मी लिहिलं आहे: नखांवर काही असेल तर हात लावण्याआधी फोन करा. आणि तुझं नाव, आणि तुझा नंबर. पार्सलवर बघावा लागला नाही. मला तो पाठ होता.

तेव्हा वरोऱ्यातून कधीही फोन येईल. अनोळखी नंबर असला तरी उचल. हलीमाबी असेल, नाहीतर आणखी कुणी, ती घाबरलेली असेल आणि पाणी थंड होत असेल. तिला हळू आवाजात सांग, मला फळ्यावर जमलं नाही तसं.

माझ्या नखांना आता पुन्हा काही लागणार नाही. माझी वेळ येईल तेव्हा ती स्वच्छ असतील, कुणाला काही काढावं लागणार नाही. तरी हलीमाबीला मी सांगून ठेवलं आहे. माझ्या हाताला हात लावण्याआधीही त्या नंबरवर फोन करायचा, आणि तू येईपर्यंत थांबायचं.

अम्मी